वरचा खिळा

कल्लाप्पा मगदुमांच्या तोंडात मी नुकताच मापाचा लगदा भरला होता. तो घट्ट होईपर्यंत त्यांनी हलायचं नव्हतं, आणि बोलायचं तर मुळीच नव्हतं. कल्लाप्पांना गप्प बसवणं त्यांच्या गावात कुणालाच, अगदी ग्रामसभेलाही, जमलेलं नाही असं मी ऐकून होतो. माझ्याकडे ते कवळीच्या मापाबरोबर आपोआप होत होतं.

तेवढ्यात मालनबाई दारात आल्या. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीतल्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "कल्लाण्णा, दात बसवताय व्हय? बरं झालं. भाकरी तरी चावंल आता."

कल्लाप्पांनी घशातून एक आवाज काढला. मी त्यांना हलू नका म्हणालो. मालनबाईंनी काजळाची डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाकावर टेकल्या.

त्या डबीत कापसावर एक डोळा असे. दरवर्षी दिवाळी सरली की मालनबाई जतच्या पलीकडच्या आपल्या, म्हणजे कल्लाप्पांच्याच, गावाहून यष्टीने मिरजेला येत आणि तो डोळा माझ्या स्वाधीन करत. चांगल्या बारा-पंधरा वर्षांचा हा शिरस्ता. मला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण माझा धंदाच तो होता.

आता दुकान बंद होऊन बराच काळ लोटला, तेव्हा थोडं सांगायला हवं. मी मूळचा कवळ्या करणारा. मिरजेत दोन गोष्टी पूर्वापार चालत आल्या आहेत, तंबोरे आणि दवाखाने. त्यामुळे गाणारा आणि कण्हणारा असे दोन्ही प्रकारचे लोक आमच्या गल्लीत येत, आणि लांबून ऐकलं तर कोण कुठल्या कामासाठी आलाय ते पटकन कळत नसे. एकदा एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या हातची कवळी पाहिली. म्हणाले, टोणपे, तुम्ही हिरड्या इतक्या खऱ्या रंगवता, एखादा डोळा रंगवून बघा. लोक काचेचा डोळा म्हणतात खरं, पण तो असतो प्लॅस्टिकचाच, कवळीच्याच जातीचा. पातळ वाटीसारखा, पापण्यांच्या आत सरकवून बसवायचा. मी रंगवून बघितला. चकाकी कशी आणायची ते शेजारच्या तंबोरेवाल्यांकडून शिकलो. मग पाटीवर 'दात' होतं त्याच्यापुढे 'व डोळे' असं लिहून घेतलं. लोक मला डॉक्टर म्हणू लागले, आणि मीही फार काळ हरकत घेतली नाही.

गिऱ्हाइकाने बसवलेला डोळा बघावा म्हणून भिंतीला एक आरसा होता. त्याला तीन खिळे. खालचा पोरांसाठी, मधला मोठ्यांसाठी. वरचा खिळा माझ्या आधीच्या भाडेकरूने घड्याळासाठी मारलेला होता. त्याला आरसा लावला असता तर आमच्यासारख्यांना त्यात फक्त छत दिसलं असतं. तेवढं उंच गिऱ्हाईक मला कधी मिळालं नाही.

मालनबाईंचा मुलगा सिद्राम माझ्याकडे आला तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. डोळ्यात गाठ झाली म्हणून दवाखान्यात एक डोळा काढावा लागला होता. डोळा रंगवायची रीत अशी, की माणसाला समोर बसवायचं आणि त्याच्या उरलेल्या डोळ्यात बघत बघत दुसरा तयार करायचा. मोठी माणसं यात अवघडतात, मध्येच हसतात, हवापाण्याच्या गोष्टी काढतात. एवढा वेळ त्यांच्या डोळ्यांत कुणी बघितलेलं नसतं, बायकोनेसुद्धा. सिद्राम अवघडला नाही. आईच्या मांडीवर बसून सबंध दुपार तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या बुबुळात खालच्या अंगाला तिळाएवढा तांबूस ठिपका होता. तो मी नव्या डोळ्यात उतरवला तेव्हा मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. मी आरसा खालच्या खिळ्याला लावला. पोराने स्वतःला बघितलं आणि मग, का कोण जाणे, मान वर करून वरच्या खिळ्याकडे बघितलं.

जाताना मी सगळ्या आयांना सांगायचो तेच त्यांनाही सांगितलं. पोर वाढतं तशी डोळ्याची खोबण वाढते. डोळा बसवलेला नसेल तर तेवढी बाजू लहानच राहते, चेहरा वाकडा होतो, म्हणून हा कायम घालायचा. खोबण मोठी झाली की हा डोळा आपणहून निसटून पडेल. पडायला लागला की घाबरायचं नाही. पोरगं वाढलं असं समजायचं आणि माझ्याकडे यायचं.

सिद्राम आणखी एकदा आला. त्यानंतर मालनबाई एकट्याच येऊ लागल्या. पोरगं मामाकडे असतं, शाळेला जातं, त्याला दवाखान्याच्या वासाची भीती बसलीय, असं काहीबाही सांगत. मी सुरुवातीला कुरकुर केली. पण जुना डोळा हातात घेऊन मी पुढचं माप अंदाजाने बांधायचो आणि तो डोळा नेमका बसायचा. वर्षभराने त्या सांगायच्या, "ब्येस बसला बघा." बिनतक्रार काम होत असलं की माणूस प्रश्न विचारत नाही. निदान मी तरी विचारत नसे.

तर त्या दिवशी डबी टेबलावर ठेवून मालनबाई म्हणाल्या, "मोठा करायचं काम न्हाई. नुसता घासून द्या. आन् एक इचारायचं हाय."

"विचारा की."

"डोळा आता ह्याच्यापरीस वाढायचा न्हाई न्हवं?"

कल्लाप्पांनी खुर्चीत पाय आपटला. मी त्यांच्या हनुवटीवर हात ठेवला आणि मालनबाईंना माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. मूल जन्मतं तेव्हा त्याला मांडीवरून आईचं तोंड दिसेल एवढंच दिसतं, पलीकडचं सगळं जग धुकं. रंगसुद्धा मागाहून कळू लागतात. पहिली दोन-तीन वर्षं डोळा झपाट्याने वाढतो. बुबुळ तर तेव्हाच जवळजवळ पुऱ्या मापाचं होतं, म्हणून लहान मुलांचे डोळे एवढे मोठे दिसतात. मग वाढ मंदावते आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला थांबते. तुमचा सिद्राम आता अठराच्या पुढे गेला, नाही का. "त्याची वाढ झाली," मी म्हणालो. "आता पोट वाढेल, डोळा नाही."

त्या हसल्या नाहीत. "म्हंजे मोठाच म्हणायचा."

"घोडा म्हणायचा. का हो?"

मग त्यांनी सांगितलं. थोरली लेक सुशी नाशिकला असते. तिथे जावयाला चांगली नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, पाणी नळाला येतं. ती आईला कायमची न्यायला आली होती. गेल्या चार वर्षांत तिसऱ्यांदा. आधी दोनदा मालनबाईंनी नाही म्हटलं होतं. या खेपेला सुशी सामानासकट यष्टी स्टँडवर बसली होती आणि दुपारच्या गाडीची तिकिटं तिने काढून ठेवली होती. आता गेलं तर परत येणं नाही. घराला कुलूप लागणार.

"जाऊ का नको, ते तुम्ही सांगायचं," मालनबाई म्हणाल्या.

"मी?"

"दुसऱ्या कुणाला इचारू? वाढ तुम्हालाच कळती."

एवढ्याशा गोष्टीला माझी परवानगी कशाला, असं मला वाटलं. पण डॉक्टर म्हणवून घेतलं की असले प्रश्न येतातच. डोळा घासायला थोडा वेळ लागेल, तोवर दर्ग्याला जाऊन या, मग सांगतो, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत कल्लाप्पा मानेने, हाताने, भुवयांनी काहीतरी सांगत होते. लगदा बाहेर काढला तसे ते तोंडही न धुता म्हणाले, "टोणपे, कुणाचा डोळा घासताय?"

"सिद्रामचा."

"अवो, सिद्राम मेला."

मी विचारलं, कधी.

"कधी म्हंजे? पोरगं तीन वरसांचं बी नव्हतं. गाठ दुसऱ्या डोळ्यात गेली, मग डोक्यात. माती द्यायला मी हुतो की. माझ्याच शेताच्या कडंला पुरलाय."

कल्लाप्पा दात नसताना बोलले की शब्दांऐवजी बरीचशी हवाच येई. तरीही हे सगळं मला स्वच्छ ऐकू आलं. मी त्यांना पाणी दिलं. मग स्वतःही प्यालो. पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा फार चांगला ग्रह व्हायला नको. मला वाटलं, एवढी वर्षं मी मेलेल्या पोराचा डोळा नेमका बसवत होतो. याहून बिनतक्रार गिऱ्हाईक कुठे मिळणार?

मग डबीतला डोळा हातात घेतला, आणि हसू जिरलं.

न वापरलेला डोळा कपाटात दहा वर्षं ठेवा, तसाच चकचकीत निघतो. वापरलेल्या डोळ्याचं तसं नसतं. खोबणीत पाणी झरत असतं, वर पापणी फिरत असते. वर्षभरात डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर साचतो, नखाला कळतो, मग माझ्यासारख्याने तो घासून काढायचा. आणि हा थर सगळीकडे सारखा बसत नाही. पापणीआड असतं तिथे एक प्रकार, उघडं असतं तिथे दुसरा, आणि मध्ये पापणीच्या कडेची कमान. नवशिक्यालाही ही कमान दाखवता येते. हाताने रंगवून मात्र ती कुणाला आणता येत नाही. मी एकदा गंमत म्हणून बघितलं होतं, मलाही आली नाही.

हातातल्या डोळ्यावर थर होता. कमानही होती. आणि ती लहान मुलाच्या पापणीची नव्हती.

"कल्लाप्पा," मी म्हणालो, "तुमच्या गावात एका डोळ्याचं आणखी कोण आहे?"

"कुणी न्हाई. एक कुत्रं हुतं. ते बी मेलं."

"मालनबाईंच्या घरात कोण असतं?"

"ती एकटीच. नवरा आधीच गेला. पोरगी लग्न करून नाशिकला. कोण असणार?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई वाईट न्हाई. कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. फकस्त ताट दोन वाढती."

आणखी एक गोष्ट मला आठवू लागली आणि आठवायला नको होती असं वाटलं. सुरुवातीला मालनबाई सहा-सहा महिन्यांनी यायच्या आणि म्हणायच्या, लईच ल्हान झाला. मग वर्षाने यायच्या, म्हणायच्या, जरासा वाढवा. मग एकाआड एक वर्ष, केसभर. गेली काही वर्षं तर नुसतं घासणं. ज्या बाईला पोर जिवंत असल्याचं सोंग करायचं आहे, ती दरवर्षी थोडं थोडं सारखंच मोठं करून मागेल. आधी भरभर, मग हळू, मग बंद, हे तिला कुणी सांगितलं? माझं ते व्याख्यान तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

कल्लाप्पांना मी आठ दिवसांनी बोलावलं आणि घरी पाठवलं. जायला त्यांचे पाय निघत नव्हते. मग एकटा बसून तो डोळा घासला. घासताना तो ठिपका सारखा माझ्याकडे येत होता. एरवी काम करताना डोळ्यांशी बोलायची मला सवय होती. त्या दिवशी बोललो नाही. उत्तराची खात्री वाटेना.

मालनबाई आल्या त्या दर्ग्यातल्या साखरेची पुडी घेऊन. मी साखर तोंडात टाकली. मग म्हणालो, "कल्लाप्पा काहीतरी सांगत होते."

"त्येंचं खरं हाय," त्या म्हणाल्या. जराही दचकल्या नाहीत. "मीच मांडीवर घिऊन बसली हुती."

"मग हा डोळा?"

"माती देताना काढून घ्येतला. भावकी म्हणाली, असलं काय आत नको. डबीत घातला आन् देवाजवळ ठिवला. चार-सा महिनं गेलं. एक दिवस सकाळी झाडलोट करती, तर डोळा चुलीच्या अंगाला खाली पडल्याला. डबी देव्हाऱ्यात, झाकण लावल्यालं. म्हटलं, उंदरानं काढला असंल. पुसून ठिवला. दुसऱ्या दिशी पुन्हा तिथंच. वलाच्या वला." त्यांनी बोटांची टोकं एकमेकांना लावून दाखवली, अजून ओल लागलेली असावी तशी. "मंग तुमचं बोलणं ध्यानात आलं."

"माझं कोणतं?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं? पडायला लागला की घाबरायचं न्हाई. पोरगं वाढलं असं समजायचं."

बाहेर कुणीतरी तंबोऱ्याची तार छेडून बघत होतं. एकच सूर, पुन्हा पुन्हा. मालनबाई तो थांबेपर्यंत थांबल्या.

"मोठा करून न्हेला, की पडायचा थांबायचा. पुन्हा पडाय लागला की पुन्हा तुमच्याकडं. मी त्येला कदी बघितला न्हाई, डॉक्टरसायेब. खोटं कशाला बोलू? ताट वाढती, पर खाल्ल्यालं बी दिसत न्हाई. फकस्त ह्यो डोळा. सांच्याला डबीत असतो, तवा कोरडा. सकाळी डबीत असतो, तवा वला. आता चार वरसं झाली, येकदा बी पडला न्हाई."

"म्हणून तुम्ही विचारलंत."

"सुशीला वाटतं, आई भ्रमिष्ट झाली. वाटू दे. पर ल्हान पोर घरात टाकून कसं जावं? मी कुलूप घातलं आन् त्यो आत रडत बसला तर? त्येला काय ठावं, नाशिक कुठं हाय ते?" आणि मग त्यांनी मघाचाच प्रश्न मघाच्याच आवाजात विचारला. "झालाय न्हवं मोठा? तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं तर मी जाती."

मी आयुष्यभर अनेकांना अनेक गोष्टी बसवून दिल्या. त्यातलं निम्मं समाधान होतं आणि निम्मं प्लॅस्टिक, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशीही मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. पण डोळा माझ्या तळहातावर होता, आणि त्यावरची कमान मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. मी फक्त जे दिसलं तेवढंच सांगितलं.

"मोठा झालाय, बाई. पुरा माणूस आहे. आता त्याला सांभाळायला कुणी लागत नाही."

त्यांनी मान हलवली. मग जरा लाजून, पोरीबाळींनी विचारावं तसं विचारलं, "उंच असंल का ओ?"

"डोळ्यावरून उंची कळत नाही."

"त्येचा बा उंच हुता. दारात वाकाय लागायचं त्येला."

"मग असेल."

"असंल न्हवं? तेवडंच बघायचं ऱ्हायलं."

मी डोळा कापसावर ठेवला, डबी लावली, पुढे केली. मालनबाईंनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"तुमच्याकडंच असू द्या. घर बंद हुईल, तितं कुठं ठिवू? मोठा झालाय म्हणताय, तर लागंल तवा आपलं आपण यील. वाट ठावी हाय त्येला. दोनदा आल्ताच की."

हे ऐकून मला काय वाटलं ते मी कुणालाच, बायकोलाही, सांगितलं नाही. मालनबाई चपला घालून निघाल्या. वळणावर त्यांनी मागे बघितलं. माझ्याकडे नाही, दुकानाच्या दाराकडे, दाराच्या बऱ्याच वरच्या अंगाला. मग स्टँडच्या रस्त्याला लागल्या.

डबी मी कपाटात, कवळ्यांच्या मागे ठेवली. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ती उघडून बघायचो. डोळा तसाच असायचा, कोरडा. आठवडाभरात मला माझ्यावरच हसू यायला लागलं.

कल्लाप्पांची कवळी द्यायची त्या दिवशी मी जरा लवकर आलो. कुलूप काढलं, आत गेलो, सवयीने खुर्ची आरशासमोर ओढली. आरसा नव्हता. मधला खिळा रिकामा, खालचाही रिकामा. मग मान वर केली.

आरसा वरच्या खिळ्याला होता.

मी स्टूल घेतलं आणि चढलो. काचेवर धुकं धरलं होतं, अगदी जवळ उभं राहून कुणी श्वास सोडल्यावर धरतं तसं, आणि ते कडेकडून विरत चाललं होतं. स्टुलावर उभा राहूनच माझं तोंड त्या उंचीला पोचत होतं. उतरलो आणि डबी उघडली. डोळा कापसावर होता. कापूस ओला होता.

कल्लाप्पा वेळेवर आले. कवळी बसवली, ती पहिल्याच फटक्यात बसली. त्यांनी दोन-चारदा जबडा उघडून मिटून बघितला आणि आरसा मागितला. मी वर बोट दाखवलं. मग म्हणालो, "तुमच्याकडे मालनबाईंच्या सुशीचा पत्ता असेल. तिच्या आईला एक निरोप कळवा. म्हणावं, चांगला उंच झालाय. बापावर गेलाय."

तोंडात लगदा नसताना कल्लाप्पा गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

आरसा मी तिथेच राहू दिला. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी दुसरा आणला.